फरशीवरची ऊब

चप्पल घालून चालणाऱ्या माणसाची पॉलिशकाकांना कीव यायची. "पाय असून आंधळे," म्हणायचे. जन्मभर दगडी फरश्या घासल्या त्यांनी. मशीन फिरवायचं, पाणी मारायचं, पांढरा चिखल ओढून काढायचा आणि मग अनवाणी चालून बघायचं. डोळ्याला चकचकीत दिसणारी फरशी तळव्याला जरा जरी टोचली, की पुन्हा मशीन चालू.

बंगले घासले, दवाखाने घासले, पण जीव होता तीन जागांवर. जुनं देऊळ, जुनी मशीद आणि जुनं चर्च. तिन्ही शहराच्या जुन्या भागात, एकमेकांच्या हाकेवर. इतर लोक ही ठिकाणं बघायला यायचे ते वर माना करून, घुमट बघत, रंगीत काचा बघत. काका म्हणायचे, "वर काय बघता, खाली बघा की जरा."

काकूंनी मात्र यातलं काहीच पाहिलं नव्हतं. "नवऱ्याने संसार दगडाशी केला," त्या शेजारणींना सांगायच्या, "माझ्या वाट्याला आला तो बनियनवरचा चिखल!"

काकूंची डावी टाच लहानपणापासून जमिनीला टेकत नसे. शीर आखडलेली. उजवं पाऊल पूर्ण पडायचं, डावं नुसतं चवड्यावर. टुणटुण चालायच्या, म्हणून काका त्यांना चिमणी म्हणायचे. ओल्या पायांनी घरभर फिरल्या की फरशीवर एक अख्खं पाऊल, एक अर्धं. "चोरी करू नकोस हं कधी," काका म्हणायचे, "पोलीस सरळ घरी येतील."

हिवाळा लागला आणि काकूंच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. आत नेताना त्यांनी काकांचा अंगठा घट्ट धरला.

"बरी झाले की आधी तुमच्या फरश्या दाखवायच्या. तिन्ही. कबूल?"

"कबूल."

"फसवाल."

"तू बाहेर ये तर आधी, बाई."

मध्ये बराच वेळ नुसती धावपळ. डॉक्टर आत-बाहेर करतायत, कुणी काही सांगेना. मग एकदम सगळं शांत झालं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आहेत. बघून या."

आल्या काकू घरी. जखम भरली, भूक लागायला लागली. दोनच गोष्टी बदलल्या. एक म्हणजे अंग गार. हात, पाय, कपाळ, सगळं माठाच्या पाण्यासारखं. दोन पांघरुणं, लोकरीचे मोजे, कशाचाच उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, भरून येईल. दुसरी गोष्ट, डावी टाच टेकायला लागली. डॉक्टर हसले. "पडून राहून शीर सैल झाली असेल. चांगलंच झालं की!" काकांनीही आळीभर सांगितलं. म्हातारपणी बायको सरळ चालायला लागली, असं भाग्य कुणाचं असतं?

"चिमणे" म्हटलं की मात्र त्या लगेच वळत नसत. जरा थांबून, आजूबाजूला बघून मग वळायच्या. ऐकू कमी येत असेल, काकांनी मनाशी म्हटलं.

"चल," एके दिवशी दुपारी काका म्हणाले, "फरश्या बघायला जाऊ."

"कशाला आता? केवढी थंडी आहे बाहेर."

"अगं, कबूल केलंय मी."

"कुणाला?"

काका हसले. त्यांना वाटलं, चेष्टा करतेय.

आभाळ भरलेलं होतं. उन्हाचा पत्ता नाही. आधी देऊळ. दारात चपला काढल्या आणि त्या दगडाचा गारवा थेट पोटऱ्यांपर्यंत चढला. आत अंधार, तेलाचा वास, एक समई. काकांनी बायकोला हाताला धरून मागच्या खांबापाशी नेलं. "हा कोपरा बघ. इथे मशीन जात नव्हतं. हाताने घासलाय, दगड धरून."

आणि त्यांचा पाय थबकला.

फरशी गरम होती. चुलीसारखी नव्हे. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. काकांनी पाऊल पुढे टाकलं, तिथेही ऊब. बाजूला टाकलं, गार. पायानेच चाचपत चाचपत गेले. एका माणसाच्या लांबीचा पट्टा होता. कुणी पालथं पडून नमस्कार केला असावा, आणि बराच वेळ उठलंच नसावं.

"अगं ये, इथे उभी राहा. पाय शेकतील तुझे."

काकू त्या जागेला वळसा घालून गेल्या. "नको."

"नको काय? गारठून मरतेस ना रोज?"

"नको म्हटलं ना."

काकांनी पुजाऱ्याला हाक मारली. "काय हो, खालून गरम पाण्याची पाईप नेलीत की काय?"

"देवळात कसली पाईप, काका?" पुजारी आतून फुलं आवरत म्हणाला. "आज सगळ्यांना फरशीचंच पडलंय. मघाशी एक बाई विचारत होत्या, पॉलिशवाल्यांनी हाताने घासलेला कोपरा कुठला. मी इथूनच सांगितलं, खांबापाशी बघा."

"कोण बाई?"

"दिसल्या नाहीत. आवाज हसरा होता."

काकांची छाती फुगली. "ऐकलंस? नाव झालंय तुझ्या नवऱ्याचं." काकूंनी अंगावरची शाल आवळून घेतली.

मशिदीत तेव्हा बाहेरच्यांना बघायला सोडत होते. दिवाबत्ती बघणारे चाचा शिडीवर चढून छताच्या काचेच्या हंड्या पुसत होते. काकांची आणि त्यांची दोस्ती जुनी.

"या उस्ताद! गुडघे आहेत का शिल्लक?"

"एक आहे. दुसरा तुमच्याच फरशीत राहिला."

चाचा शिडी हलेपर्यंत हसले. गालिचे धुण्यासाठी गुंडाळून ठेवलेले, फरशी उघडी पडलेली. काका कमानीखाली गेले आणि पुन्हा तळव्याला ऊब लागली. या वेळी ते खाली बसले आणि हाताने चाचपलं. मागे दोन गोल ठिपके, गुडघ्यांचे. पुढे दोन तळहात, बोटं वेगळी कळत होती. आणि मधोमध कपाळाएवढी एक जागा. भोवतीचा सगळा दगड बर्फ.

काकांनी आपला तळवा त्या तळव्यावर ठेवला. लहान होता. बाईमाणसाचा.

"चाचा, इथे आत्ता कोण होतं?"

"होती एक बाई. मी वर, माझी मान खाली वळत नाही. विचारलं तिने, ते कुठे बसून घासायचे? मी म्हटलं, कमानीखाली. तर म्हणाली, 'रात्री तेल चोळून द्यायची मी त्यांच्या गुडघ्यांना.' तुमच्या नात्यातली का?"

काका उठले. उठताना गुडघा कटकन वाजला, तो आवाज घुमटात फिरून परत आला. काकू दाराशी उभ्या होत्या. दोन्ही टाचा टेकून, सरळ.

"घरी चला ना," त्या म्हणाल्या.

"चर्च राहिलंय."

"राहू दे. मला बरं वाटत नाही."

"येतेस का इथेच थांबतेस?"

असं काका कधी बोलत नसत तिच्याशी. काकूंनी त्यांचा दंड धरला. स्वेटरमधून गारवा आत उतरला. रस्त्याने काका पुढे ओढत होते आणि ती मागे. लोकांना वाटलं असेल, म्हातारा-म्हातारीचं भांडण झालंय.

चर्चमध्ये चपला काढायची पद्धत नाही. काकांनी काढल्या.

आत रिकामी बाकं, विझलेल्या मेणबत्त्यांचा वास. झाडलोट करणारी मावशी बादली घेऊन उभी होती. तिने काकांचे अनवाणी पाय बघितले आणि ओळखलं.

"अगंबाई, तुम्हीच ना ते? आत्ता उठून गेल्या हो. पाच मिनिटं झाली नसतील."

काकांनी विचारलं नाही, कोण. तिने दाखवलेल्या बाकावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. मग ते बाकापुढे उभे राहिले, जिथे बसणाऱ्याचे पाय येतात तिथे.

उजवा तळवा टेकवला. टाचेपासून बोटांपर्यंत ऊब.

डावा टेकवला. बोटांना ऊब. चवड्याला ऊब.

टाचेखाली गार दगड.

काकांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आयुष्यभर या तळव्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"फार वेळ बसल्या होत्या," मावशी सांगत होती. "मी म्हटलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणाल्या, 'ज्यांनी फरशी घासली त्यांची. दाखवतो म्हणून कबूल केलं होतं, मी आपली एकटीच बघून आले.' मग म्हणाल्या, 'आता घरीच जाऊन बसते.'" मावशीने दाराकडे बघितलं. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या. "ही बहीण का त्यांची? अगदी सारख्या दिसतात."

दोघं घरी आले.

दाराला कुलूप तसंच होतं. बाहेरची पायरी काकांनी स्वतः घासलेली, लग्नानंतर पहिल्या वर्षी. त्यांनी चपला काढल्या आणि पायरीवर पाय ठेवला.

गरम होती.

कुणी तरी बसलं होतं तिथे. दाराला टेकून. खालच्या पायरीवर पायाने चाचपलं, तिथेही ऊब: एक अख्खं पाऊल, एक अर्धं.

काकांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. कुणी नाही. एक सायकल भिंतीला टेकलेली, तेवढीच.

"चिमणे," ते हळूच म्हणाले.

मागे उभी असलेली बायको हलली नाही.

तळव्याखालची ऊब मात्र जराशी सरकली. अंगठ्यापाशी आली. थांबली.

"अहो, थंडी वाजतेय मला." किल्ली धरलेल्या हातावर गार हात आला. "कुलूप काढा ना."

काका तसेच उभे. समोर धडधडीत बायको, तिचा चेहरा, तिचा आवाज, पोटावर टाक्यांची खूण. पायाखाली नुसती ऊब. माणसाने करायचं काय?

त्यांनी कुलूप काढलं.

ती लांब ढांग टाकून पायरी ओलांडून आत गेली. पाय लागू दिला नाही.

"या आत," आतून म्हणाली. "आणि दार लावून घ्या."

काकांनी पाय उचलले. आधी एक, मग दुसरा.

दार लावलं. कडी घातली.

त्या रात्री काकू गाढ झोपल्या. काका त्यांच्याकडे पाठ करून पडून राहिले.

सकाळी दूध घ्यायला त्यांनी दार उघडलं. पायरीवर अनवाणी उभे राहिले. पायरी गार होती. सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकांनी आधारासाठी दाराच्या बाहेरच्या फळीला हात लावला आणि तसाच ठेवला. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, लाकूड अजून कोमट होतं. तळहाताएवढंच.

काकांचा हात तिथे असतानाच ते निवलं.