सोनचाफा कुणासाठी

त्या रविवारी माझे वडील, अण्णा, पुण्याच्या बागेच्या फाटकाशी अडून उभे राहिले. झाडं बघायला तिकीट काढायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. "लंके, पारगावला ये. बांधावरची सगळी झाडं फुकट दाखवतो," ते लंकाआत्याला म्हणाले, तेव्हा तिकीटवालासुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाला पाणी धरताना अण्णा बांधावरच कोसळले आणि गेले. पण रविवारी दुपारी ते हसत होते, म्हणून मला तिथूनच सुरुवात करू दे.

आम्ही पारगावहून आलो ती जीप गोरखची होती. तो शेजारच्या गावचा, मंचरला कांदा पोचवायचा. आदल्या वर्षी स्टँडवर माझी एस.टी. चुकली आणि अण्णांच्या ओळखीचा म्हणून मी त्याच्या जीपमध्ये बसले. मागे गोण्या, मांडीवर वाचनालयाची कादंबरी. "शेवट गोड हाय का?" त्याने विचारलं. अजून तिथवर पोचले नाही, म्हटलं. "मग पोचला की सांगा, मास्तरीणबाई." मी तेव्हा डी.एड. करत होते. त्यानंतर वर्षभर मी त्याला पुस्तकांचे शेवट सांगत आले... त्यापलीकडे आमच्यात कुणी काही बोललं नव्हतं.

बागेत गारंबीची एक प्रचंड वेल होती, झाडावरून झाडावर गेलेली, माणसाच्या कमरेएवढी जाड. गोरख माझ्याशेजारी येऊन थांबला.

"मास्तरीणबाई, यातली वेल कुठली अन् झाड कुठलं?"

"टेकू लागतो ती वेल."

"मग आपण झाडच बरं. उभं ऱ्हायचं, वाट बघायची."

तो बघत होता वेलीकडे, पण कान माझे तापले. मी उत्तर जुळवत होते — चांगलं सुचलंही होतं — तेवढ्यात संस्कृतीने हाक मारली. संस्कृती लंकाआत्याची मुलगी, हडपसरची, जीन्स घातलेली, गळ्यात कॅमेरा. वेलीच्या वाकणावर झोपाळ्यासारखी बसून ती म्हणाली, "गोरख, माझा फोटो काढ ना रे."

मी वर्षभर 'अहो'वर होते. ती तासाभरात 'अरे'वर आली.

त्याने तिला मान जरा वळवायला सांगितली. तिने ती नको तेवढी वळवली. मी एका झाडावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. झाड कुठलं होतं ते आज आठवत नाही.

जेवायला हिरवळीवर बसलो. मासवड्या मी केल्या होत्या, पहाटे उठून, आणि कुणासाठी ते मला ठाऊक होतं. माझ्याच डब्यातून संस्कृतीने त्याला वाढल्या. चव घेऊन तो म्हणाला, हात ओळखीचा वाटतोय. आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी हसायला हवं होतं. पण त्याआधीच आईने माझ्या कानाशी सांगितलं होतं, की गोरखला लंकाआत्याने मुद्दाम आणायला लावलं, संस्कृतीसाठी; अण्णांनी शब्द टाकावा असं तिचं म्हणणं आहे. मी डब्याचं झाकण असं काही दाबलं, की अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

निघताना फाटकाजवळच्या रोपवाटिकेत दिसलं ते असं: गोरखच्या हातात सोनचाफ्याचं रोप. त्याच्यावरचं एकुलतं फूल नाकाशी धरून संस्कृती हसत होती. अण्णा शेजारीच चपलेचा अंगठा नीट करत बसले होते, जणू त्यांना काही दिसतच नव्हतं. आत्याकडे चहा झाला, आम्ही जीपमध्ये बसलो, आणि रोप कुठे दिसेना. मग काय... ज्याचं त्याला पोचलं, एवढा अर्थ लावायला मला पुस्तकं वाचायची गरज नव्हती.

अण्णा नेहमी पुढे बसायचे. त्या संध्याकाळी मागे माझ्याजवळ बसले. खेडच्या घाटात, इंजिनच्या आवाजात, हळूच म्हणाले, "बाय, काय सांगायचंय का?"

"नाही, अण्णा."

"नक्की?"

मी बाहेर बघत मान हलवली. त्यांनी "बरं" म्हटलं आणि माझ्या खांद्यावरून सरकलेली शाल वर ओढली.

आमच्याकडे आता राख नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. अण्णा गेल्यावर तिसऱ्या दिवशी उसाच्या कडेला सगळे जमले. चुलत्यांनी लावायला नारळाचं रोप आणून ठेवलं होतं. रडून थकलेल्या आत्याला संस्कृतीने धरलं होतं. आणि बांधावरून गोरख आला, पोटाशी सोनचाफ्याचं रोप धरून.

अण्णांची राख समोर होती, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की तिचं रोप इथे कशाला.

"हे संस्कृतीचं ना?" मी विचारलं.

"माझं?" रडून सुजलेल्या डोळ्यांनी संस्कृती म्हणाली. "मी नुसता वास घेतला, ताई."

गोरख माझ्याजवळ आला. आवाज इतका खाली, की मलाच ऐकू यावा.

"अण्णांनी घेतलंय. गोणपाटाखाली झाकून माझ्याकडं ठेवाय लावलं. म्हणले, बहीण शब्द टाक म्हणतीय, पण मी सकाळपासनं पोरीच्या तोंडाकडं बघतोय. ती बोलली की हे घेऊन आमच्या दारात ये."

"आणि नाही बोलली तर?"

"तर तुझ्या दारात लाव, म्हणले. तिच्यावर जोर करायचा नाय."

"मग आज का आणलंस?"

'आणलंस' म्हणून गेले, ते दोघांनाही कळलं.

"झाड तेवढं त्यांच्यापाशी असावं," तो म्हणाला. "तुमी काय बी बोलला नाय, तरी."

मी रोप त्याच्या हातातून घेतलं. पिशवी फाडली, गुडघे टेकले, मुळांची माती सुटू न देता ते खड्ड्यात ठेवलं. चुलत्यांनी नारळाचं रोप उचलून बाजूला केलं. आत्याचं रडणं थांबलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. ओल्या मातीवर हात ठेवून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"हो अण्णा, सांगायचंय. संस्कृतीसाठी शब्द टाकू नका. मला गोरख पाहिजे."