विचारणाऱ्याची खुर्ची

दिवा राहू दे तसाच, मोठा करू नका. गोष्ट काही फार जुनी नाही, गेल्या वर्षीची. ज्याची आहे तो माणूस अजून दुकानात बसून किल्ल्या घासतो. गेलात कधी त्याच्याकडे तर किल्ली करून घ्या आणि मुकाट्यानं या. विचारू नका काही.

त्याला सगळे किल्लीवालाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. पन्नाशी ओलांडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एक थोरली बहीण, अक्का. हात असा की कुलपात सळई घालून डोळे मिटायचा आणि आतली रचना समोर मांडल्यासारखी सांगायचा.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी त्याला बोलावणं आलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या वर एक खोली आहे, तिथल्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली होती. दहा मिनिटांचं काम. पेटी खांद्याला लावून गेला, कपाट उघडून दिलं. आत नुसती तपकिरी पाकिटं, चिकटवलेली, वर फक्त आकडे.

"काय आहे हो यात?"

"फोटो," तिथं वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "कशाचे ते मलाही ठाऊक नाही. भाची भरून देते."

या बाई नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं रेघा ओढून निवृत्त झालेल्या. आता त्या शिकवायच्या ते लांबचं बघणं. जिथं आपण नाही तिथलं, डोळे मिटून. टेबलाच्या एका बाजूला बघणारा, दुसऱ्या बाजूला विचारणारा. मध्ये बंद पाकीट. विचारणारा विचारी, गार की गरम? खडबडीत की गुळगुळीत? कड कुठं संपते? बघणारा सांगे आणि कागदावर ओढी. शेवटी पाकीट फोडायचं.

त्या दिवशी वर्गात एक माणूस कमी होता, बाकीच्यांच्या जोड्या लागल्या होत्या. निवृत्त कंडक्टर एकटाच बसला होता.

"बसा हो किल्लीवाले," तो म्हणाला. "जागा असताना उभ्यानं कशाला?"

गंमत म्हणून बसला. कंडक्टरनं विचारलं, यानं सांगितलं. गार. ओलं. पायऱ्या, खालच्या तीन झिजलेल्या, बाजूला लोखंडी कडं. पाकीट फोडलं तर धक्क्याच्या पायऱ्यांचा फोटो. खालच्या तीन झिजलेल्या. कडं होतं.

"मी चार महिने येतोय," कंडक्टर म्हणाला, "मला अजून नुसती झोप दिसते."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

तेव्हापासून तो दर मंगळवारी, शुक्रवारी जायला लागला. बाईंचे नियम थोडेच, पण पक्के. पाकिटात काय आहे ते बघणाऱ्याला ठाऊक नसावं. ठाऊक असलं की माणूस बघत नाही, आठवतो. विचारणाऱ्यानं दाराकडे पाठ करून बसायचं, आणि समोरच्याला परत आणेपर्यंत उठायचं नाही, मागं वळायचं नाही. आणि परत आणायचंच. विसरायचं नाही. प्रत्येकाची परत आणायची आपापली तऱ्हा होती. कंडक्टर टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "चला, उतरा. शेवटचा स्टॉप."

"घरी सराव केला तर?" किल्लीवाल्यानं एकदा विचारलं.

"घरी पाकीट कोण भरणार? तुम्हीच. विचारणार कोण? तुम्हीच. मग आणणार कोण परत?"

आता त्याला एवढी ओढ कशाची, ते सांगतो. त्याला एक मुलगा होता, बावीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी बापलेकांचं कशावरून तरी जुंपलं. कशावरून, ते आता बापालाही धड आठवत नाही. पोरगा तणतणत बाहेर गेला. आणि या माणसानं रागाच्या भरात काय करावं? दुसरा एखादा शिव्या देऊन झोपला असता. हा किल्लीवाला. यानं पेटी उघडली आणि वीस मिनिटांत दाराचं लॅच बदलून टाकलं.

रात्री एकच्या सुमाराला पोरगा आला. किल्ली लावली. फिरेना. पुन्हा लावली. बाप आत जागा होता. सगळं ऐकत होता. म्हणाला मनाशी, करू दे थोडा वेळ खटखट, मग उठतो.

मग खटखट थांबली. हा उठला तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

त्यानंतर कोणालाच तो दिसला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, मित्र झाले. तीन वर्षं. अक्कानं त्याबद्दल भावाला एक शब्द कधी ऐकवला नाही. तेच त्याला जास्त लागायचं.

तर त्यानं बाईंना विचारलं, पोराचा फोटो पाकिटात घालाल का?

"नाही," बाई म्हणाल्या. "हरवलेलं माणूस मी पाकिटात घालत नाही. एकदा घातलं होतं."

"मग?"

बाई खडूचा हात पुसत राहिल्या.

मग त्यानं घरी करायचं ठरवलं. दहा पाकिटं आणली. नऊंत कॅलेंडरातली चित्रं, एकात पोराचा फोटो. पत्त्यांसारखी पिसली. म्हणजे ठाऊक नसण्याची सोय झाली. राहिला विचारणारा. त्यानं कंडक्टरला गळ घातली की घरी या. कंडक्टर भित्रा. "रात्रीचं नको हो, सूनबाई ओरडते," म्हणाला. शेवटी मोबाइलवर आवाज भरून दिला त्यानं. सहा प्रश्न, मध्ये मिनिट मिनिट मोकळं. त्यानंतर तो "चला, उतरा" म्हणणार होता, तेवढ्यात खरोखरच सूनबाईंची हाक आली. त्यानं फोन परत दिला आणि गेला. राहिलंय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. यानंही ऐकून बघितलं नाही.

गुरुवारची रात्र. अकरा वाजून चाळीस मिनिटं. बाहेरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या. समोरच्या खुर्चीत मोबाइल ठेवला. एक पाकीट उचललं. डोळे मिटले.

आतल्या खोलीत अक्का जागी होती. भिंतीतून तिला भावाचा आवाज येत होता. "गार. ... दगडी. ... सरळ. ..." मध्ये कंडक्टरचा आवाज, मोबाइलमधला, पिचका. मग पुन्हा हा. तिनं कूस बदलली. मग तिच्या लक्षात आलं की मोबाइल बंद झालाय. हा मात्र बोलतोय. बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. कोणी विचारल्यासारखा.

तिला वाटलं कंडक्टर स्वतःच आला असेल. झोपली.

शुक्रवारी तो कागद घेऊन वर्गात गेला. चेहरा उतरलेला. बाईंसमोर कागद ठेवला. आधी एक रस्ता. मग एक दार. मग हातात धातूचं काहीतरी, दाते असलेलं. "फिरत नाही" असं लिहिलेलं. मग पुन्हा रस्ता, उतार, वाळू. मग ओलं, घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. छातीपर्यंत. त्याच्यापुढे नुसतं काळं, पेन्सिल घासून घासून केलेलं. कागद फाटला होता तिथं.

"पाकिटात पोराचाच फोटो निघाला," तो म्हणाला. "बाई, त्याच्या जागी दाराबाहेर उभं राहून मी आतून खाट वाजलेली ऐकली. माझी खाट. त्याला ठाऊक होतं मी जागा आहे."

कंडक्टर कागदावर बोट फिरवत मोजत होता. मग हळूच म्हणाला, "किल्लीवाले... हे नऊ आहेत."

"काय?"

"उत्तरं. नऊ. मी सहाच प्रश्न भरले होते."

"बाकीचे तुमच्याच आवाजात होते की."

कंडक्टर पांढराफटक पडला. "मी शेवटचा स्टॉपसुद्धा म्हटला नव्हता हो. राहूनच गेला."

बाईंनी कागद उलटा केला. "म्हणजे तुम्हाला परत कोणी आणलंच नाही."

"आलोय की. हा काय बसलोय."

"तुम्ही आलात," बाई म्हणाल्या. "त्याला तिथंच सोडून आलात की बरोबर घेऊन आलात, ते कोणाला ठाऊक? आता घरी बसू नका. माझं ऐका. खुर्च्या उचलून ठेवा."

त्यानं मान हलवली. घरी गेला आणि पेटी उघडली.

तीन वर्षांपूर्वी काढलेलं जुनं लॅच त्यानं टाकलं नव्हतं. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. ते खाली काढलं, तेल घातलं, दाराला परत बसवलं. अक्का आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती.

"कोणासाठी रे?"

"त्याच्याकडे जुनीच किल्ली आहे अक्का."

"अरे पण... तूच म्हणालास ना, पाण्यात..."

"हो."

"मग येणार कोण?"

तो स्क्रू पिळत राहिला. "जो कोणी असेल तो," म्हणाला. "परत बंद दार नाही लागलं पाहिजे त्याला."

त्या लॅचला दोन वेढे लागायचे. त्यानं आतून बाहेरून चार वेळा फिरवून बघितलं. मग जेवला. दिवे घालवले. दार लावलं, जसं तीस वर्षं रोज लावत आला होता तसं. आणि टेबलाशी आला.

या वेळी तो स्वतःच्या खुर्चीत बसला नाही. विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसला. दाराकडे पाठ करून. नियमाप्रमाणे.

शुक्रवार. रात्रीचे बारा पंचावन्न.

अक्का अंथरुणात उठून बसली होती. आज भाऊ उत्तरं देत नव्हता. विचारत होता.

"कुठं आहेस?"

...

"गार आहे का रे?"

...

"वर ये. उताराला हात धर कशाला तरी. ... हां."

बराच वेळ काही नाही.

"आता समोर काय आहे?"

...

"तेच. तेच दार. हातात आहे ना?"

...

"लाव."

आणि अक्कानं ऐकलं. भिंतीपलीकडून नाही. दाराकडून.

खट.

किल्ली आत जाते तो आवाज. मग सावकाश... एक वेढा.

दुसरा वेढा.

"फिरली ना?" भावाचा आवाज फुटला. "फिरली ना रे बाळा? ये. आत ये. मी वळत नाही. तू ये."

...

दार किंचित हललं. एकदा.

पुन्हा एकदा, जरा जोरात.

मग नाही.

अक्काचं अंग उचलेना. घड्याळ तेवढं चाललं होतं. बाहेर भाऊ अधूनमधून विचारत होता. "आहेस ना?" ... "ये ना." ... मग तेही थांबलं.

उजाडल्यावर ती बाहेर आली. भाऊ तसाच बसला होता, दाराकडे पाठ करून. हात टेबलावर सपाट. समोरची खुर्ची रिकामी. रात्रभर तो वळला नव्हता. घरी का होईना, त्यानं वर्गाचा नियम पाळला होता.

"किल्ली फिरली गं अक्का," तो म्हणाला. "दोन्ही वेढे. मी ऐकलं. लॅच उघडलं. मग आत का नाही आला?"

अक्कानं दाराकडे बघितलं.

वरची कडी लागलेली होती.

तीस वर्षांची सवय. लॅच लावायचं आणि हात आपोआप वर जायचा. त्यानं जुनं लॅच बसवलं, तेल घातलं, चार वेळा तपासलं, आणि झोपायच्या वेळी कडी घातली. त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. अजूनही नाही.

अक्का क्षणभर उभी राहिली. मग भावाच्या पाठीमागून, अंगठ्यानं दाबून, आवाज न करता तिनं कडी काढली.

"का नाही आला गं?" त्यानं पुन्हा विचारलं.

आता तुम्हीच सांगा, तिनं काय सांगावं. कडीचं सांगावं, तर त्यानं दोनदा पोराला बाहेर ठेवलं असं होतं. न सांगावं, तर पोरगा दारापर्यंत येऊन, दार उघडं असून, बापाचं तोंड न बघता गेला असं होतं. तिनं दुसरं निवडलं. तिच्या मते त्यातल्या त्यात ते हलकं होतं. मला आजवर कळलेलं नाही, होतं की नाही. पुढे कंडक्टरजवळ तिनं मन मोकळं केलं, म्हणून माझ्यापर्यंत आलं.

"आला नसेल," ती म्हणाली. "तुला भास झाला असेल."

"हो," तो म्हणाला. "असेल."

आणि मग, वारा यावा म्हणून, तिनं दार उघडलं.

बाहेरच्या बाजूनं लॅचला किल्ली होती. पितळी, हिरवी पडलेली. पोराच्या दहाव्या वर्षी बापानं स्वतः घासून दिलेली. मुठीवर त्याच्याच कानशीच्या तीन खुणा. दोन्ही वेढे पुरे फिरलेली.

तिनं ती काढली. दात्यांमध्ये ओली वाळू होती.