उष्टा आवाज

माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडात केवढा चिखल असतो, हे माझ्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. जीभ टाळूला चिकटते, सुटते. ओठ पचकन उघडतात. थुंकी गिळली जाते, दाढेत अडकलेला कण जीभ उकरत राहते. ध्वनिमुद्रणात हे सगळं उतरतं आणि ते वेचून काढणं हे माझं काम. शिंप्याच्या दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली आहे. भिंतींना जुन्या गाद्या, दाराला जाड पडदा, खिडकी नाही. पंखा आवाज करतो म्हणून बंद. दिवसभर हेडफोन चढवून मी लोकांची तोंडं धूत बसते.

ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हातारे ध्वनिमुद्रक एकच गोष्ट बजावायचे. "सगळं काढू नकोस, पोरी. थोडा श्वास मागे ठेव. नाहीतर माणूस बोलतो खरा, पण जिवंत वाटत नाही." म्हणून काढलेला मळ मी फेकत नाही. वेगळ्या फाइलीत ठेवते आणि त्यातला चिमूटभर परत मिसळते. त्या फाइलींना माझ्यापुरतं नाव आहे: उष्टं.

माझ्या पाठच्या भावाला सगळे भोपू म्हणतात, कारण तो जन्मल्यापासून वाजतोच आहे. तो आणि त्याचे दोन दोस्त मोटारसायकली घेऊन समुद्रापासून थेट बर्फापर्यंत निघाले, तेव्हा या प्रवासाची विनोदी मालिका करायची हेही त्याचंच खूळ. एक मास्तर, गणिताची शिकवणी घेणारा आणि नकाशा हमखास उलटा धरणारा. दुसऱ्याला गोगलगाय म्हणत, कारण त्याला सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून मागे टाकत. तिघांच्या हेल्मेटांत ओठांजवळ इवलासा माइक. दर आठवड्याला आवाज माझ्याकडे यायचा, धुऊन परत जायचा.

आई त्याला सोडायला तयार नव्हती. मीच तिला म्हटलं, "जाऊ दे गं. त्याचा आवाज माझ्याच हातातून जाणार आहे. जरा काही बिनसलं तर पहिलं मला कळेल."

पहिल्याच भागात त्याने चालत्या गाडीवर हेल्मेटच्या काचेखालून उकडलेलं अंडं आत ढकललं. मास्तर ओरडत होता, "अरे हावऱ्या, थांबून खा!" बघणारे पोट धरून हसले. मी मात्र हेडफोनमध्ये ते अंडं ऐकलं. दातांत फुटणारं, थुंकीत कालवलं जाणारं, पिवळ्याचा लगदा होऊन टाळूला थापलं आणि जिभेने खरवडलं जाणारं. थेट माझ्या कानाच्या पाळीवर. लहानपणी आम्ही एका उशीवर निजायचो. याची लाळ माझ्या गालाखाली यायची आणि मी झोपेतच उशी उलटी करायची. तीच शिसारी पोटातून वर आली. मी सगळं काढलं. चिमूटभरही परत मिसळवेना.

लोकांना तो आवाज आवडला. घंटेसारखा स्वच्छ आहे म्हणाले.

पुढच्या भागात पचपच वाढली होती. भोपू विनोद सांगतोय आणि खाली कुणीतरी सावकाश चघळतंय. मला वाटलं, खाता खाता बोलतोय. चित्रफीत लावून पाहिली, तर तो एका पेट्रोल पंपावर उभा होता. हात रिकामे, तोंड मिटलेलं, पंपवाला पोरांची टिंगल करतोय. आणि माइकवर जीभ दातांवरून फिरत होती.

मी तेही काढलं.

त्याचा फोन आला. "ताई, तोंडाची चवच गेली बघ. केळं खाल्लं काय नि पुठ्ठा खाल्ला काय."

"पाणी पी भरपूर."

"तहान लागेल तर ना! गोगलगाय म्हणतो, तू आता उंट झालास. म्हटलं, चला, निदान तुझ्यापेक्षा वेगात तरी आहे." तो हसला. हसू आलं तसंच मध्येच तुटलं, जणू कुणी कात्रीने कापावं.

डोंगर लागल्यावर मास्तरने फोन केला. इकडचं तिकडचं बोलला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "ताई, हा हल्ली घोरत नाही."

"सुटलात की मग."

"तसं नाही हो. शेजारी माणूस झोपलाय असं वाटतच नाही. आणि इथे थंडी मरणाची. आमच्या हेल्मेटच्या काचा वाफेने पांढऱ्या होतात, सारख्या पुसाव्या लागतात. याची काच..."

"याचं काय?"

"कोरडी असते. काही नाही. उंचीचा परिणाम असेल."

त्या आठवड्याच्या आवाजात एक तुकडा होता. तिघे ओढ्यावर उतरलेले, दूरवर पाण्यात एकमेकांना शिव्या घालत हसताहेत. भोपूचं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकलेलं, माइक चुकून चालू राहिलेला. त्या रिकाम्या हेल्मेटात कुणीतरी चावत होतं. निवांत. चावून झालं की गिळत होतं. गिळून झालं की ओठ चाटत होतं.

मी मोरीत जाऊन ओकले. चूळ भरली, परत आले आणि तो तुकडा उष्ट्याच्या फाइलीत टाकला. कामाचा हात होता, आपोआप चालला. मास्तरचं बोलणं मनात घोळत होतं तरी मी भोपूला एवढंच म्हटलं, "पुरे झालं, आता घरी ये."

तो आला. दुपारची वेळ होती. गल्लीत तीन गाड्या धुरळ्याने माखून उभ्या राहिल्या. मास्तर आणि गोगलगाय उतरलेच नाहीत, हात हलवून निघून गेले. जाताना मास्तरने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

भोपूने मला मिठी मारली. इतक्या प्रवासाचा माणूस, पण घामाचा नाही, पेट्रोलचा नाही, कसलाच वास नाही. मान धुतलेल्या बशीसारखी.

"ताई," तो म्हणाला, "किती वाळलीस गं आणि आई कुठे आहे मला जेवायला वाढा म्हणावं."

एका दमात. खरं तर दम नव्हताच. दोन वाक्यांच्या मध्ये जिथे श्वास येतो, तिथे काहीच आलं नाही. हा आवाज मी ओळखत होते. तो मी केला होता.

आईने भात वाढला, कोंबडीचा रस्सा वाढला. तो तोंड मिटून जेवला. भुरका नाही, मचमच नाही. आईच्या डोळ्यांत पाणी. "बघ गं, कसा शहाण्यासारखा जेवतोय. जन्मभर सांगून थकले."

त्याने काचेचा पेला तोंडाला लावून खाली ठेवला. काठावर ओठांचा ठसा नव्हता. पाणी होतं तेवढंच होतं.

मी चपला घातल्या आणि खोलीकडे धावले.

पडदा ओढला. उष्ट्याच्या सगळ्या फाइली एकाखाली एक लावल्या आणि हेडफोन चढवले.

आधी नुसता चिखल. लाळ, दाढा, जीभ. मी हेडफोन काढला नाही.

मग चावणं थांबलं. कुणीतरी श्वास घेतला. ओला, घरघरता, सर्दी झालेल्या लेकरासारखा.

जीभ टाळूला लागली. सुटली.

"ताई."

मी तो एक श्वास उचलला आणि शेवटच्या भागातल्या त्याच्या स्वच्छ आवाजाखाली ठेवला. चिमूटभरच.

फोन वाजला. आई होती.

"अगं, ताटावरून उठून कुठे गेलीस? भोपूला आत्ता एकदम ठसका लागला. पाठ चोळली मी."

"आई, त्याला पाणी दे. बोलत राहा त्याच्याशी, मी—"

"थांबला गं ठसका. बरा आहे. तो म्हणतोय, ताईला सांग, ती घाण आता परत आणू नकोस. पुसून टाक म्हणावं. कसली घाण गं?"

तिच्या मागे तो हसला. घंटेसारखा स्वच्छ.

मी फोन ठेवला. हेडफोनमधला तो पुन्हा चघळू लागला होता, काही नसताना, भुकेल्या पोराने बोट चोखावं तसा. "भूक लागली गं," तो म्हणाला.

हेडफोनचा स्पंज डाव्या बाजूने ओला झाला होता. कोमट होता. एक थेंब गालावरून हनुवटीकडे उतरला.

त्या उशीसारखा मी हेडफोन उलटा केला नाही.