रंभाचा डवरा

१९५२च्या मे महिन्यात मी गाढी नदीचं पाणी मोजायला होतो. पनवेलच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराखाली, पात्रात सरकारी पट्टी रोवलेली. रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. पंधरा दिवस मी शून्यच लिहीत होतो.

उन्हाळ्यात गाव वाळूत डवरे खणायचं. खड्डा खणा, झिरपेल ते वाटीनं हंड्यात भरा. त्या वर्षी सगळे डवरे कोरडे. पाणी एकाच डवऱ्याला, रंभा कातकरणीच्या. गावानं तिला बाहेर ओढून तो घेतला. ती वर आली आणि पाणी वाळूत गेलं.

माझा विश्वास पट्टीवर. रंभाला परत डवऱ्यात उतरवलं, पाणी मोजलं. नऊ इंच. तिला वर काढलं, शून्य. तीनदा पाहिलं आणि मोठ्या शहाणपणानं तुळशीराम पाटलाला सांगितलं. हे पाप माझं.

"मंग तिला आतच रवू दे," पाटील म्हणाला.

"पाटील, पोर आंगावर पितंय माजं," रंभा म्हणाली. "पाजून येते."

"तू गेलीस तं पानी जाईल. आमच्या पोरांनी काय वाळू चावायची?"

"मंग त्याला हितं आना."

हंड्यांच्या रांगेत कमळाबाई हसली. "एकीनं बाटवलंय तेवढं पुरं हाय!"

रंभाची म्हातारी सासू पोर घेऊन आली. काठ्या घेतलेल्या गड्यांनी तिला काठावरच्या झोपडीपर्यंत मागे रेटलं. तिथून पोराचं रडणं पात्रात ऐकू यायचं. ते रडलं की पाणी चढायचं. मी घड्याळ लावून पाहिलं. या वेळी कुणाला सांगितलं नाही. पण डोळे काय मलाच होते?

"रडू दे मेल्याला," कमळाबाई म्हणाली. "हंडं भरतायत."

दुसऱ्या दिवशी पाणी रंभाच्या कमरेला. ती उभ्यानंच झोपायची.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, रडणं थांबलं.

सगळे डवऱ्याकडे बघत राहिले. पाणी उतरलं नाही.

झोपडीतून म्हातारीचा हंबरडा आला. रंभानं मान वर केली नाही.

पाणी पांढरं होऊ लागलं.

रांग मागे सरली. कमळाबाई तेवढी पुढे झाली. बोट बुडवलं, चाटलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली, "वेणू, बाळाला आन गं!"

वेणूचं चार महिन्यांचं पोर वाटी संपेपर्यंत प्यालं. तिनं त्याचं तोंड पुसलं, छातीशी धरलं. त्यानं मान फिरवली आणि डवऱ्याकडे दोन्ही हात पसरले.