टेबलावरची टक

अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकात दुपारी वारा सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. त्या दिवशीही लावल्या होत्या. इर्मा तोलोसाच्या जेवणघरात आम्ही तिघं होतो: लेखांच्या फाइली बदलून देणारी इर्मा, मी आणि गणितात संशोधन करणारी यामिला.

गणिताची माणसं लेख लेटेकमध्ये लिहितात. तिथे प्रत्येक चिन्ह शब्दांत सांगावं लागतं. नियतकालिकाला मात्र वर्डची फाइल हवी होती, तीही संध्याकाळपर्यंत. नाही पोहोचली, तर यामिलाची शिष्यवृत्ती बंद. लेख तिचा आणि तिचे मार्गदर्शक बेर्रुती सरांचा. सर एप्रिलात वारले.

फाइल आपोआप बदलून मिळते, पण वाटेत चिन्हं सांडतात. म्हणून इर्माची पद्धत अशी: मी जुनी फाइल मोठ्याने वाचायची, तिने नवीवर नजर ठेवायची. जुळलं की टेबलावर बोटाने एक टक, चुकलं की दोन. जन्मभर मुलांना पाढे म्हणून दाखवल्याने माझा आवाज स्वच्छ आहे, एवढीच माझी पात्रता. इर्माची नजर मात्र पाहत राहावी अशी. एका वर्गमुळाचं छप्पर अक्षरभर आखूड पडलेलं तिने सहज पकडलं.

"हे दिसतं कसं तुम्हाला, ताई?" यामिलाने विचारलं.

"पोराची चड्डी आखूड झालेली आईला दिसत नाही होय?"

मग इर्माने 'माते' या इथल्या कडवट चहाचा भोपळ्याचा पेला दोन्ही हातांत धरला आणि नळीने सावकाश पिऊ लागली. मी पुढची, भागाकाराची ओळ वाचली.

टक टक.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"मी कुठे वाजवलं? जुळतंय की."

"मास्तर, उगाच घाबरवू नका हं," यामिला म्हणाली. तिचे हात मांडीवर होते. माझे कागदावर.

मी ओळ परत वाचली.

टक टक.

यामिला संगणकाच्या पडद्याजवळ सरकली आणि ती ओळ तपासू लागली.

"खालची संख्या शून्य असू शकते," ती म्हणाली. "आणि मी तिने भागलंय."

तिथेच बसून तिने ती संख्या शून्य असतानाचं वेगळं सिद्ध केलं. चार ओळी, एकही खाडाखोड नाही. इतकी मुलं शिकवली, पण अशी मांडणी मी फार थोड्यांची पाहिली. तिच्या ओळी मी वाचल्या.

टक.

इर्माने पेला खाली ठेवला, हात मांडीवर घेतले. "वाचा, मास्तर."

नावांचं पान ती नेहमी शेवटी घेते.

"यामिला कुरिन."

टक.

"ओरासियो बेर्रुती." नावापुढे बारीक क्रूस होता; लेखक हयात नसला की तसा छापतात. मी तोही वाचला.

टक टक.

"क्रूस दोन्ही फाइलींत आहे," इर्मा हळू आवाजात म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

टक टक.

यामिलाने तो क्रूस पुसला.

टेबलावर, तिच्या बोटांना लागूनच, एक टक झाली.