मुक्ताबाईंची वाकळ

तेरच्या शाळेत माझ्याबरोबर पिराजी नावाचे मास्तर होते. एक जून त्र्याहत्तर, शुक्रवार, अमावास्या. आजीचा निरोप आला म्हणून ते येरमाळ्याला घरची वाकळ आणायला गेले. मी जन्मभर इतिहास शिकवला, पोरांकडं पुरावे मागितले; यातलं किती खरं मानावं ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.

त्या वाकळेत घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या कपड्याचं एक ठिगळ होतं. ठिगळावर हात ठेवायचा आणि तो माणूस कसा गेला ते सांगायचं, अशी त्यांची रीत. ठिगळं शिवायच्या आणि सांगायच्या आजी, मुक्ताबाई. पण हिवाळ्यात त्यांचे दोन्ही हात लकव्यानं गेले.

"आता तुमी सांगायचं," त्या म्हणाल्या. समोर नातू पिराजी आणि धाकटा मुलगा आबाराव. "आबा, खाकी ठिगळापासनं धर."

खाकी ठिगळ थोरल्या बलभीमचं, म्हणजे पिराजींच्या वडिलांचं. आदल्या वर्षी दुष्काळात आटत आलेल्या विहिरीत पडून गेलेले.

"मास्तर हाय की पोरगं. बोलायचा पगार घेतंय. त्यालाच सांगू दे," आबाराव हसला.

"काका, बापू डोळं मिटून विहिरीच्या पायऱ्या उतरायचे," पिराजी म्हणाले. "मला खरं आयकायचंय."

"तू व्हतास तिथं, आबा. हात ठेव."

त्यानं ठेवला. "पाय घसरला दादाचा."

"पुन्ना सांग."

"आये, याड लागलं का तुला? पाय..."

कंदील विझला.

धप्प. पहार खडकात बसते तसा आवाज. पुन्हा. धप्प.

"दादा, मारू नगं! पान्याची पाळी तुझीच व्हती... म्या पहार घातली... म्या..."

पिराजींनी काडी ओढली.

आबारावचा पंजा वाकळेला शिवलेला. बोटाबोटांतून टाके. रक्त. त्यानं हिसडा मारला. कातडी तिथंच राहिली. तो पळाला. विहिरीकडं.

मग... काही नाही.

आजी जागेवरच होत्या. हात मांडीवर, मेलेले.

सकाळी तो विहिरीच्या तळाशी सापडला. डोकं मधोमध फुटलेलं. सदऱ्याला छातीवर चौकोनी भोक, कात्रीनं कापल्यासारखं.

पिराजींना मूलबाळ नव्हतं. मरताना वाकळ मला दिली, गोष्टीसकट. मघापासून माझा हात तिच्यावरच आहे. एखादा शब्द चुकला असेल तर...

उचलतो. बघा. खाकीशेजारी हे पट्ट्यापट्ट्यांचं ठिगळ. आबारावच्या सदऱ्याचं.

आणि टाके बघा. बारीक, एका ओळीत... साऱ्या वाकळेला आहेत तसेच.