रिकाम्या विमानाचं वजन

दिसत सगळ्यांना होतं, तोंड मात्र एकानेही उघडलं नाही. शर्यतीचं इवलंसं विमान, जेमतेम एका माणसापुरतं. ते हलकं करता करता दादा स्वतःच वाळत चालला होता. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं. हँगरमधली मंडळी हसत होती. “दादा, तुम्हाला दोरीने बांधायला हवं, नाहीतर विमानाआधी तुम्हीच उडाल.” चाचणी उड्डाणात, पहिल्याच कडक वळणावर, त्या उपाशी अंगाला ताण सोसला नाही. भोवळ आली असणार. इंजिन शेवटपर्यंत नीट चालू होतं, आणि विमान सरळ जमिनीत घुसलं.

त्याची धाकटी बहीणही हसली होती. तेच हसू आता तिला झोपू देत नव्हतं.

विमानात खोट नव्हती हे दाखवायला तिने त्याच आराखड्यावरून दुसरं बांधलं. उद्या ते ती स्वतः उडवणार होती. आज फक्त वजन करायचं होतं. तिन्ही चाकांखाली एकेक काटा सरकवायचा आणि आकडे वाचायचे, एवढंच. काटे घेऊन आलेला माणूस बाहेरगावचा, इथलं काहीच ठाऊक नसलेला.

दुपार कलताना वहिनी डबा घेऊन आली.

“दोन घास खाऊन घे गं.”

“उद्या उतरल्यावर खाते, वहिनी. आत्ता कशाला वजन वाढवू?”

“तुझा दादाही हेच म्हणायचा.”

धाकटीने मान फिरवली. बाहेरचा वारा पडला. इतका वेळ कुरकुरणारे छपराचे पत्रे गप्प झाले. ताज्या वार्निशच्या वासाखालून दुसरा एक वास हळूहळू वर आला... घामाने भिजलेल्या चामडी जाकिटाचा.

आणि विमानाचे टायर दबले. कोणीतरी पाय आत टाकून अलगद बसावं, तसे.

काट्यांवरचे आकडे चढले. धाकटीने बेरीज केली, पुन्हा केली. एक अख्खा माणूस जास्त भरत होता. जास्तीचा आकडा तिने दबक्या आवाजात वाचला.

“एवढं वजन शेवटी नव्हतंच गं त्याचं,” वहिनी पुटपुटली. “हे तर... लग्नात होतं तेवढं आहे.”

धाकटीने आत वाकून पाहिलं. सीट रिकामी होती. तिने सीटशेजारच्या कडेवर हात टेकला.

“आम्ही हसायला नको होतं रे, दादा...”

आत काहीच हललं नाही. आकडेही नाहीत.

शेपटीच्या बाजूने काटेवाला हात पुसत आला, चांगलाच वैतागलेला.

“ताई, तुम्हीच समजवा आता. दोनदा सांगितलं त्यांना, रिकामं विमान मोजायचंय, खाली उतरा. ते म्हणतात, मी उतरलो की ही बसेल.”